टर्मिनलवरील प्रगतीच्या अनेक ओळी जागच्या जागी बदलत नाहीत तेव्हा काय तपासावे

एकाच वेळी चाललेल्या पाच-सहा कामांची प्रगती टर्मिनलवर, म्हणजे कमांड देण्याच्या मजकुरी विंडोत, पाच-सहा ओळींत दाखवायची आणि त्या ओळी जागच्या जागी बदलत ठेवायच्या, एवढीच अपेक्षा असते. नाशिकमध्ये अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी, शीतगृहांसाठी आणि द्राक्षांच्या पॅकहाउससाठी जे छोटे प्रोग्रॅम लिहिले जातात, त्यांत ही गरज वरचेवर येते. ओझर, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, सिन्नर आणि त्र्यंबकेश्वर येथील नोंदींच्या फायली रात्री एका सर्व्हरवर ओढून घेणारा प्रोग्रॅम हे त्याचे नेहमीचे रूप आहे, आणि पुढे उदाहरण म्हणून तोच धरला आहे. असे प्रोग्रॅम माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा तक्रारीचे शब्द निरनिराळे असले, तरी बिघाड बहुतेक वेळा एकाच जातीचा निघतो.

लक्षणे

सर्वाधिक आढळणारे लक्षण असे की ओळी बदलण्याऐवजी त्यांचा संपूर्ण गट किंवा त्यातली पहिली ओळ पुन्हापुन्हा खाली छापली जाते आणि थोड्याच वेळात टर्मिनल भरून जातो:

४१%  ओझर
३८%  पिंपळगाव बसवंत
४०%  दिंडोरी
४१%  ओझर
४२%  ओझर
३९%  पिंपळगाव बसवंत
४०%  दिंडोरी

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. पॅकहाउसमधला ऑपरेटर फोन करून विचारतो, “साहेब, ओझर दोनदा आलंय, फाईल दोनदा गेली का?” आणि त्याची शंका रास्त असते.

दुसरे लक्षण याच्या उलट आहे: गट दर वेळी एकेक ओळ वर सरकतो आणि वर आधीच छापलेला मजकूर, कधी कधी आपण दिलेली कमांडसुद्धा, पुसून टाकतो. तिसऱ्या प्रकारात ओळी जागेवर राहतात, पण जुन्या मजकुराची शेपटे मागे उरतात; ‘शिल्लक १००’ या ओळीवर ‘शिल्लक ९९’ लिहिले की पडद्यावर ‘शिल्लक ९९०’ दिसते, आणि ऑपरेटरची दिशाभूल करण्यात याचा नंबर पहिला लागतो. याखेरीज ओळींऐवजी ‘←[३ए’ अशी चिन्हे उमटणे, काम संपेपर्यंत काहीच न दिसता शेवटी सगळे एकदम येणे, विंडो अरुंद केल्यावरच किंवा विशिष्ट गावाचे नाव आल्यावरच गडबड होणे, पडदा सतत लुकलुकणे, आणि प्रोग्रॅम बंद केल्यावर कर्सर गायब झालेला असणे, ही लक्षणेही याच वर्गातली आहेत.

बिघाड कोठे असतो

टर्मिनलला ‘गट’ किंवा ‘प्रोग्रेस बार’ असे काही ठाऊक नसते. त्याच्याकडे अक्षरांचा एक प्रवाह येतो, आणि त्यातील काही क्रम हे कर्सर हलवण्याचे आदेश असतात. १९७८ साली बाजारात आलेल्या व्हीटी१०० या टर्मिनलने रूढ केलेली आदेशांची पद्धत आजही बहुतांश चालते. या आदेशांची सुरुवात एस्केप या बाइटने, म्हणजे दशमान २७ ने होते आणि त्यानंतर बहुधा चौकटी कंस येतो, पुढे ‘ईएससी[३ए’ असे लिहिले असेल तेथे एस्केप, चौकटी कंस, आकडा ३ आणि रोमन लिपीतील मोठा ए असे समजावे, कारण प्रत्यक्ष कोडमध्ये आकडे आणि अक्षरे रोमनच लागतात. हा आदेश कर्सर तीन ओळी वर नेतो.

तीन ओळी वर जायचे हे मात्र प्रोग्रॅमनेच ठरवायचे असते. प्रोग्रॅमच्या हिशेबात तीन ओळी असतात, पडद्यावर काही कारणाने चार झालेल्या असतात, आणि टर्मिनल हा फरक स्वतःहून कळवत नाही. पुढील जवळजवळ प्रत्येक तपासणी ही दोन मोजण्यांतली ही तफावत कोठे पडली, याचाच शोध आहे.

आधी तीन फुकटच्या चाचण्या

कोडला हात लावण्यापूर्वी विंडो पूर्ण रुंद करावी आणि अक्षरांचा आकार लहान करावा. एवढ्याने बिघाड नाहीसा झाला, तर ओळ दुमडली जात आहे हे निश्चित झाले आणि थेट रुंदीच्या तपासणीकडे जाता येते. दुसऱ्या चाचणीत पडदा क्लिअर कमांडने साफ करून प्रोग्रॅम वरच्या टोकापासून चालवावा. वरून सुरू केल्यावर सर्व ठीक आणि पडद्याच्या तळाशी सुरू केल्यावर बिघाड, असे दिसल्यास कर्सरची जागा लक्षात ठेवण्याच्या आदेशांवर संशय घ्यावा. तिसऱ्या चाचणीत गावांच्या नावांऐवजी साधी एकेक रोमन अक्षरे घालून पाहावीत; त्याने बिघाड गेला, तर नावांच्या रुंदीवर संशय घ्यावा. या तिन्हींना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि पुढची निम्मी शोधाशोध त्यांनी वाचते.

समोर खरा टर्मिनल आहे का

प्रोग्रॅम ज्या चौकटीत चालतो ती टर्मिनलसारखी दिसते म्हणून ती टर्मिनल असतेच असे नाही. पायथॉन भाषेसोबत येणारी आयडल ही विंडो कर्सर वर नेण्याचे आदेश पाळत नाही. पायचार्म या कोड लिहिण्याच्या साधनाच्या रन विंडोतही आउटपुटसाठी टर्मिनलची नक्कल करण्याचा पर्याय चालू केल्याशिवाय ते चालत नाहीत. ब्राउझरमध्ये कोड चालवणारी ज्युपिटर नोटबुक ओळीच्या सुरुवातीला परतण्याचा आदेश मानते, त्यामुळे एका ओळीचा बार तेथे नीट चालतो आणि अनेक ओळींचा मात्र फिसकटतो. यावरून आपले कोड चुकले असा निष्कर्ष काढला जातो, जो बरोबर नसतो. तोच प्रोग्रॅम साध्या टर्मिनलमध्ये चालवून पाहावा.

विंडोजवर ‘←[३ए’ असे उमटत असेल, तर कन्सोल, म्हणजे विंडोजचा टर्मिनल, एस्केप आदेशांचा अर्थ लावत नाही असे समजावे. विंडोज १० पासून कन्सोलमध्ये ही सोय आहे, परंतु प्रोग्रॅमने कन्सोल मोडमधून ती मागावी लागते. पायथॉनमध्ये कलरामा ही लायब्ररी हे काम करून देते. अनेक कारखान्यांत काट्याशेजारचा संगणक अजूनही विंडोज ७ वर असतो आणि तेथे ही सोयच नाही. अशा ठिकाणी अनेक ओळींचा हट्ट सोडून साधा लॉग, म्हणजे एकाखाली एक नोंदी, छापावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आउटपुट पाइपमध्ये किंवा फाइलमध्ये जात आहे का

ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनमधून चालणारा प्रोग्रॅम, नोहप कमांडने मागे चालू सोडलेला प्रोग्रॅम, पाइपने, म्हणजे आउटपुट पुढच्या कमांडच्या हाती देऊन, टी या कमांडला जोडलेला प्रोग्रॅम, दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या एसएसएचला थेट कमांड देऊन दूरच्या सर्व्हरवर चालवलेला प्रोग्रॅम, आणि लहान टी हा पर्याय न देता डॉकरच्या स्वतंत्र कप्प्यात चालवलेला प्रोग्रॅम, या सर्वांच्या आउटपुटच्या टोकाला टर्मिनल नसतो. तेथे कर्सरच नसल्यामुळे वर जाण्याचे आदेश जसेच्या तसे लॉगमध्ये जाऊन पडतात आणि सकाळी लॉग उघडल्यावर वाचण्याजोगे काही उरत नाही.

म्हणून प्रोग्रॅमने सुरुवातीलाच ‘इझ-ए-टीटीवाय’, म्हणजे टोकाला टर्मिनल आहे का, ही विचारणा करावी, आणि उत्तर नाही असे आले किंवा टर्म या, टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ‘डंब’ असे असले, तर दर दहा टक्क्यांना वेळेसह एक साधी ओळ छापावी. डॉकरच्या बिल्ड कमांडला ‘प्रोग्रेस’ या पर्यायासाठी ‘प्लेन’ हे मूल्य देता येते ते याच कारणासाठी. आपल्याही प्रोग्रॅममध्ये असा हाताने निवडण्याचा पर्याय ठेवावा. ही विचारणा ज्या वाटेने प्रगती छापली जाते त्याच वाटेविषयी करावी, हे बऱ्याचदा निसटते. प्रगती स्टँडर्ड एरर या वाटेवर आणि विचारणा स्टँडर्ड आउटपुट या दुसऱ्या वाटेविषयी, असा घोळ असेल, तर आउटपुट फाइलमध्ये वळवताच समोर चांगला टर्मिनल असूनही बार नाहीसा होतो.

शेवटी सगळे एकदम दिसण्याचे कारणही याच परिसरात असते. सी भाषेच्या लायब्ररीत स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलला जोडलेले असताना ओळ पूर्ण होईपर्यंत मजकूर बफर या तात्पुरत्या साठ्यात थांबतो आणि पाइपला जोडलेले असताना संपूर्ण बफर भरेपर्यंत थांबतो. पायथॉनचे वर्तनही असेच आहे. वर जाण्याच्या आदेशाच्या शेवटी नवी ओळ सुरू करणारे चिन्ह (यापुढे नुसतेच ‘नवी ओळ’) नसते, त्यामुळे तो बफरमध्ये अडकून राहतो. गट लिहून झाल्यावर प्रत्येक वेळी फ्लश करावे, म्हणजे साठा लगेच बाहेर ढकलावा, एवढाच यावर उपाय आहे.

वर जाण्याचा आकडा

येथून कोड उघडावे लागते. प्रथम पाहायचे ते हे की गटाच्या शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ छापली जाते की नाही. पाच ओळी छापल्या आणि प्रत्येकीनंतर नवी ओळ दिली, तर कर्सर सहाव्या ओळीच्या आरंभी असतो आणि पाच वर जावे लागते. शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ दिली नाही, तर कर्सर पाचव्याच ओळीच्या शेवटी असतो. मग चार वर जावे लागते आणि शिवाय ओळीच्या सुरुवातीलाही परतावे लागते. कॅरेज रिटर्न कर्सरला त्याच ओळीच्या आरंभी नेतो, वर नेत नाही. एका ओळीच्या बारसाठी पुरेसा असलेला हा आदेश अनेक ओळींसाठी तसाच वापरलेला कोड मला सतत दिसतो. वर जाणे आणि आरंभी परतणे ही दोन्ही कामे ‘ईएससी[५एफ’ एकत्र करतो.

यातला एक खोडसाळ प्रकार सावकाश सांगण्याजोगा आहे. शेवटची नवी ओळ न देणाऱ्या कोडमध्ये वर जाण्याचा आकडा ‘ओळींची संख्या उणे एक’ असा काढलेला असतो. चार केंद्रांचे काम संपून एकच ओळ उरते तेव्हा हा आकडा शून्य येतो आणि प्रोग्रॅम ‘ईएससी[०ए’ पाठवतो. शून्य म्हणजे हलू नये, असे लिहिणाऱ्याला वाटते. परंतु टर्मिनल येथे शून्याचा अर्थ एक असा घेतो. परिणामी शेवटच्या टप्प्यात, आणि फक्त शेवटच्या टप्प्यात, वरची एकेक ओळ पुसली जाऊ लागते. आकडा शून्य असेल तर आदेशच पाठवू नये.

पुसणे

मागे शेपटे उरत असतील, तर प्रत्येक ओळीचा मजकूर लिहिल्यानंतर ‘ईएससी[के’ पाठवावा, तो कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत पुसतो. ओळींची संख्या कमी होत जाणार असेल, तर गट लिहून झाल्यावर ‘ईएससी[जे’ पाठवावा म्हणजे खालच्या जुन्या ओळी जातात. ओळ आधी पुसून मग लिहिण्यापेक्षा आधी लिहून उरलेले पुसणे चांगले, कारण पहिल्या क्रमात ओळ क्षणभर रिकामी दिसते आणि लुकलुक तेथूनच सुरू होते.

रुंदी, आणि देवनागरी नावांचा प्रश्न

विंडो ८० रकान्यांची (एका रकान्यात एक साधे रोमन अक्षर) असताना ओळ ८५ रकान्यांची झाली, तर टर्मिनल ती दुमडून दोन ओळींत दाखवतो. प्रोग्रॅमच्या मोजणीत ती एकच असते. दर फेरीला एक ओळ कमी वर जाणे घडते आणि लक्षणांत दाखवल्याप्रमाणे ‘ओझर’ साचू लागते. म्हणून ओळ छापण्यापूर्वी विंडोची रुंदी विचारून तेवढ्यात कापणे आवश्यक आहे, आणि शेवटचा रकाना रिकामा सोडणे शहाणपणाचे आहे. बरोबर ८० रकाने भरल्यावर बहुतेक टर्मिनल कर्सर शेवटच्या रकान्यावरच धरून ठेवतात आणि पुढचे अक्षर आल्यावरच खाली उतरतात, तर जुना विंडोज कन्सोल लगेच खाली उतरतो, शिवाय पहिल्या प्रकारच्या टर्मिनलवर अशा क्षणी ‘ईएससी[के’ पाठवला तर शेवटचे अक्षरच पुसले जाते. ७९ रकान्यांवर थांबल्यास या दोन्ही भानगडी उद्भवत नाहीत.

रुंदी विचारतानाही दोन खाचखळगे आहेत. पायथॉनची टर्मिनलची रुंदी सांगणारी शूटिल लायब्ररीतील सोय आधी कॉलम्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहते. कोणी ते आपल्या शेलच्या फाइलमध्ये कायमचे लिहून ठेवले असेल, तर विंडो कितीही बदलली तरी जुनाच आकडा येतो. स्टँडर्ड आउटपुट वळवलेले असल्यास हीच सोय ८० बाय २४ हे ठरीव उत्तर देते, आणि प्रत्यक्ष विंडो ६० रकान्यांची असेल तर ओळ दुमडते. रंगांचे आदेश लांबीत मोजले जाणे ही तिसरी चूक. ते पडद्यावर जागा घेत नाहीत, म्हणून लांबी मोजताना ते वगळावेत आणि कापताना रंग बंद करणारा आदेश कापला जाणार नाही हे पाहावे.

आता आपल्या भाषेच्या वाट्याला आलेला भाग. ‘ओझर’ आणि ‘दिंडोरी’ ही दोन्ही नावे वाचणाऱ्याला तीन-तीन अक्षरांची आहेत. युनिकोडच्या हिशेबात मात्र ‘ओझर’मध्ये ३ आणि ‘दिंडोरी’मध्ये ७ सांकेतिक चिन्हे आहेत, कारण वेलांट्या, अनुस्वार आणि मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत त्यांचे अनुक्रमे ९ आणि २१ बाइट होतात. ‘त्र्यंबकेश्वर’ हे पाच अक्षरांचे नाव १३ चिन्हांचे आणि ३९ बाइटांचे आहे. पायथॉनमधील लांबी १३ सांगते, सी भाषेतील बाइटमोजणी ३९ सांगते, आणि पडद्यावर ते प्रत्यक्ष किती रकाने घेईल हे या दोन्हींवरून ठरत नाही.

रुंदी सांगणाऱ्या लायब्ऱ्याही या बाबतीत एकमताच्या नाहीत. केवळ अनुस्वारासारखी चिन्हे शून्य रुंदीची धरणारी लायब्ररी ‘दिंडोरी’ला ६ रकाने देते, सर्वच मात्रा शून्य धरणारी ३ देते, आणि टर्मिनल स्वतःच्या मताने तिसरेच काही करू शकतो. जोडाक्षरांच्या बाबतीत हा फरक आणखी वाढतो. त्यामुळे एका संगणकावर रांगेत दिसणारे टक्के दुसऱ्या संगणकावर वाकडेतिकडे दिसतात.

नेमकी रुंदी शोधण्याच्या नादी न लागता मी मांडणी बदलतो. टक्के आणि बार ओळीच्या सुरुवातीला ठेवावेत आणि गावाचे नाव सर्वांत शेवटी लिहावे; मग नाव कितीही रकाने घेवो, रांग बिघडत नाही. नाव आधीच हवे असेल, तर ते लिहून झाल्यावर ‘ईएससी[३०जी’ पाठवावा. हा आदेश कर्सरला थेट तिसाव्या रकान्यात नेतो, त्यामुळे नावाची रुंदी मोजण्याची गरजच उरत नाही; नाव तिसाव्या रकान्याच्या पुढे जाणार नाही एवढी खबरदारी मात्र घ्यावी. ओळीच्या उजव्या बाजूला दहा-पंधरा रकाने मोकळे सोडावेत म्हणजे रुंदीचा अंदाज चुकला तरी ओळ दुमडणार नाही. लांब नाव कापावे लागलेच, तर ते जोडाक्षराच्या मध्ये कापू नये. ‘त्र्यंबकेश्’ असे लोंबते हलन्त अक्षर पडद्यावर उरले की पुढच्या चिन्हाशी त्याचा कसा संयोग होईल हे सांगता येत नाही.

विंडो चालू कामातच अरुंद केली, तर लिनक्सवर प्रोग्रॅमला विंडो बदलल्याचा सिग्नल मिळतो आणि नवी रुंदी पुन्हा विचारता येते. पडद्यावर आधीच असलेल्या ओळी अनेक टर्मिनल त्या क्षणी स्वतःच दुमडतात, आणि तो एक फेरा बिघडण्यापासून वाचवणे कठीण असते. एवढे खपवून घ्यावे.

उंची आणि पडद्याचा तळ

वर जाण्याचा आदेश पडद्याच्या वरच्या कडेला थांबतो. पडद्याबाहेर सरकून गेलेल्या ओळींपर्यंत तो पोहोचत नाही. २४ ओळींच्या विंडोत ३० केंद्रांची प्रगती दाखवू पाहणारा प्रोग्रॅम त्यामुळे कधीच नीट चालणार नाही. विंडोच्या उंचीहून एक-दोन ओळी कमी एवढीच केंद्रे दाखवावीत, चालू असलेली वर घ्यावीत आणि बाकीच्यांसाठी ‘आणखी ८ केंद्रे’ अशी एक ओळ द्यावी.

तळाशीच बिघडण्याचे कारण बहुधा ‘ईएससी ७’ आणि ‘ईएससी ८’ ही जोडी असते. पहिला आदेश कर्सरची जागा लक्षात ठेवतो आणि दुसरा तेथे परत नेतो, पण ती जागा पडद्यावरील असते, मजकुरातील नव्हे. तळाशी पाच ओळी छापल्यावर मजकूर वर सरकतो; लक्षात ठेवलेली जागा मात्र होती तेथेच राहते. ओळींच्या गटासाठी ही जोडी वापरू नये आणि मोजून वर जावे.

दुसरे कोणी त्याच पडद्यावर लिहीत आहे का

येथपर्यंत सर्व ठीक असूनही अधूनमधून, कोणताही नियम न पाळता बिघाड होत असेल, तर एकापेक्षा अधिक लेखक आहेत असे समजावे. हा सर्वांत वेळखाऊ भाग आहे.

पाच केंद्रांसाठी पाच थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारे धागे, असतील आणि प्रत्येक थ्रेड स्वतःची ओळ स्वतःच बदलत असेल, तर एकाचा वर जाण्याचा आदेश आणि दुसऱ्याचा मजकूर एकमेकांत मिसळतात. ओझरचे टक्के दिंडोरीच्या ओळीत दिसतात ते यामुळे. थ्रेडांनी फक्त आपापली आकडेवारी नोंदवावी आणि पडद्यावर लिहिण्याचा अधिकार एकाच थ्रेडला असावा. त्याने संपूर्ण गट एका स्ट्रिंगमध्ये जुळवून एकाच वेळी लिहावा. सेकंदाला दहा वेळा लिहिले तरी डोळ्यांना पुरते, आणि लुकलुकही बहुतेक यानेच जाते.

दुसरा लेखक म्हणजे लॉगिंगची लायब्ररी. सिन्नरचे कनेक्शन तुटले की ती इशाऱ्याची एक ओळ छापते, ती ओळ प्रोग्रॅमच्या मोजणीत नसते, आणि तेथून पुढे गट एका ओळीने चुकत राहतो. लॉगचा मजकूरही त्याच एका थ्रेडकडे द्यावा. त्याने गट पुसावा, लॉगची ओळ छापावी आणि तिच्याखाली गट पुन्हा काढावा. पायथॉनमधील टीक्यूडीएम या लायब्ररीचे ‘राइट’ फंक्शन, पायथॉनचीच रिच लायब्ररी आणि रस्ट भाषेतील इंडिकॅटिफ हेच करतात, आणि नवा प्रोग्रॅम लिहिताना यांपैकी एखादे वापरणे हे स्वतः आदेश जुळवत बसण्यापेक्षा बरे. मात्र लायब्ररी वापरूनही कोडमध्ये कोठेतरी एखादे सुटे प्रिंट राहिले, तर तिचाही हिशेब चुकतो.

तिसरा लेखक म्हणजे आपल्या प्रोग्रॅमने सुरू केलेला दुसरा प्रोग्रॅम. फायली नकलणारे आरसिंक किंवा व्हिडिओ हाताळणारे एफएफएमपेग यांचे आउटपुट पकडले नाही, तर ते थेट त्याच टर्मिनलवर लिहितात. चौथा लेखक कीबोर्डसमोर बसलेला असतो: काम अडकले आहे असे वाटून ऑपरेटर दोनदा एंटर दाबतो आणि कर्सर दोन ओळी खाली जातो. टर्मिनलची मांडणी बदलणाऱ्या एसटीटीवाय कमांडने किंवा तत्सम मार्गाने इको, म्हणजे दाबलेली कळ पडद्यावर उमटणे, बंद ठेवल्यास हे टळते, पण प्रोग्रॅम कोणत्याही कारणाने थांबला तरी इको पुन्हा चालू होईल याची तजवीज त्याबरोबरच करावी.

कंट्रोल-सी दाबल्यावर कर्सर गायब राहणे हा त्याच तजविजीचा अभाव आहे. ‘ईएससी[?२५’ नंतर लहान एल येतो तेव्हा कर्सर लपतो आणि लहान एच येतो तेव्हा दिसतो. दुसरा आदेश अपवाद (एक्सेप्शन) आणि सिग्नल या दोन्ही वाटांवर पाठवला गेला पाहिजे. तोपर्यंत रिसेट कमांडने टर्मिनल पूर्ववत होतो. ओळी जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे उजवीकडे सरकत असतील, तर आधीच्या एखाद्या प्रोग्रॅमने टर्मिनल रॉ मोडमध्ये, म्हणजे ओळींवरचे नेहमीचे संस्कार बंद ठेवून, सोडला आहे असे समजून ‘एसटीटीवाय सेन’ चालवावे.

तरीही सापडत नसेल तर

प्रवाह प्रत्यक्ष पाहावा. साधा पाइप केल्यास प्रोग्रॅम टर्मिनल नसल्याचे ओळखून वेगळाच वागेल, म्हणून स्क्रिप्ट या कमांडच्या आत तो चालवावा. ती पडद्यावर आलेले सर्व काही एका फाइलमध्ये टिपते. नंतर ती फाइल कॅट कमांडला लहान व्ही हा पर्याय देऊन वाचावी. एस्केपच्या जागी टोपीचे चिन्ह आणि कंस दिसतो, आणि दोन लागोपाठच्या ‘वर जा’ आदेशांमधील ओळी बोटाने मोजता येतात. आदेशात ५ आहे आणि मध्ये ६ ओळी आहेत असे दिसले की सहावी कोणाची हे तेथेच वाचायला मिळते. प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपी आणि एम दिसेल. ते टर्मिनलचा ड्रायव्हर घालतो आणि त्याकडे दुर्लक्ष करावे.

कोठे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

प्रोग्रॅम एखादे यंत्र चालवत असेल किंवा शीतगृहाच्या तापमानावर नियंत्रण ठेवत असेल, तर प्रगतीच्या ओळी नीट दिसत नाहीत म्हणून तो बंद करू नये, आणि चालू यंत्रावर वरीलपैकी एकही प्रयोग करू नये. ते काम यंत्रप्रणाली बसवणाऱ्याचेच आहे. फायली ओढण्याचे काम चालू असतानाही हेच लागू होते. पडद्यावर ओझर दोनदा दिसले तर आधी सर्व्हरवरील फायली मोजाव्यात.

कोड हाताशी नसलेला, विकत घेतलेला प्रोग्रॅम असेल, तर विंडो रुंद करणे, साध्या लॉगचा पर्याय असल्यास तो निवडणे आणि दुसरा टर्मिनल वापरून पाहणे, येथेच थांबावे. लिहिण्याचा अधिकार एका थ्रेडकडे देताना प्रोग्रॅम मध्येच गोठू लागला, तर थ्रेडांना पाळीने थांबवणाऱ्या लॉकची अदलाबदल करत अंदाजाने पुढे जाऊ नये. ते काम समांतर प्रोग्रॅमिंग जाणणाऱ्याकडे सोपवावे, कारण दिसण्यातला दोष दुरुस्त करता करता माहितीच गहाळ होण्याचा धोका तेथे खरा असतो. ओळींऐवजी सरकणाऱ्या याद्या, कळा दाबून निवड आणि विभागलेला पडदा हवा असेल, तर एस्केप आदेशांची ठिगळे न लावता एनकर्सेस ही पडद्याच्या मांडणीची लायब्ररी हाताळलेल्या माणसाकडून मांडणी नव्याने करून घ्यावी. आणि लेखक एकच, नावे साधी रोमन, ओळी आखूड असूनही केवळ एकाच टर्मिनलमध्ये बिघाड होत असेल, तर दोष त्या टर्मिनलचा आहे आणि तक्रार त्याच्या निर्मात्यांकडे जायला हवी.

यांपैकी कोणाकडेही जाताना स्क्रिप्ट कमांडने टिपलेली फाइल, टर्म व्हेरिएबलचे मूल्य, विंडोची रुंदी व उंची, मध्ये एसएसएच किंवा टीमक्स हा टर्मिनल विभागणारा प्रोग्रॅम आहे का ही माहिती, आणि बिघाड दाखवणारा प्रोग्रॅमचा सर्वांत छोटा तुकडा बरोबर द्यावा. टिपलेल्या फाइलमध्ये सर्व्हरचे पत्ते आणि ग्राहकांची नावेही आलेली असतात. पाठवण्यापूर्वी ती काढावीत, पण त्यांच्या जागी तेवढ्याच लांबीचा मजकूर घालावा, कारण ओळ आखूड झाली तर दाखवायचा बिघाडच फाइलमधून नाहीसा होऊ शकतो.